रोमँटिक रोड, पण पायी: रोटेनबुर्ग ते डोनाउवर्थ या तुकड्याची केस

केस अशी होती. साताऱ्याहून मावशी आणि काका जर्मनीत आलेले, एक आठवडा पूर्ण मोकळा, दोघंही साठीच्या पुढे पण पायांनी पक्के. काका रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येतात आणि मावशीने आळंदी ते पंढरपूर वारी केलीये, तीही सगळी चालत, दिवेघाटासकट, मधे कुठे टेम्पोत न बसता. रोमँटिक रोड बघायचा हे घरून ठरवूनच आलेले. पण बस टूर नको. काका म्हणाले, "खिडकीतून किल्लेच बघायचेत तर मी घरी बसून यूट्यूब बघतो की, एवढा व्हिसा कशाला काढला?" त्यामुळे माझ्यासमोर प्रश्न उरला तो एवढाच की जवळपास ५०० किलोमीटरच्या या ट्रेलमधला कुठला तुकडा यांना द्यायचा. पुरा ट्रेल आठवड्यात होत नाही आणि प्रत्येक तुकड्याचं काहीतरी दुखणं आहे.

आधी हा रोड म्हणजे काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हा कुठला तरी मध्ययुगीन व्यापारी मार्ग आहे. तसं नाहीये. १९५० साली पर्यटनासाठी नकाशावरची जुनी गावं एका रेघेत जोडून हा तयार केला. महायुद्ध संपून पाचच वर्षं झालेली, मोठी शहरं ढिगाऱ्यात, जगात जर्मनीचं नाव काढायची सोय नव्हती, आणि दक्षिणेत अमेरिकन सैनिक बायकापोरांसकट मुक्कामाला होते, त्यांच्याकडे गाड्या होत्या, डॉलर होते आणि रविवार मोकळा होता. मग माइन नदीवरच्या व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत एक लाइन आखली गेली, आज ती गाडीने ४६० किलोमीटरच्या आसपास भरते. दक्षिणेकडे काही भाग विआ क्लाउदिआ आउगुस्ता या रोमन रस्त्याच्या जवळून जातो, बाकी जुनेपणा गावांचा आहे, रस्त्याचा नाही. सायकल रूट आणि चालायचा ट्रेल नंतर आले. चालायचा ट्रेल गाडीरस्त्यावरून जात नाही, तो शेतातून, जंगलातून, नदीकाठाने फिरत फिरत जातो म्हणून जास्त लांब होतो.

आता तुकडे. ढोबळमानाने तीन.

उत्तरेचा म्हणजे व्युर्त्सबुर्ग ते रोटेनबुर्ग, टाउबर नदीचं खोरं. द्राक्षमळे, वाइन, बाड मेर्गेंटहाइमला ट्यूटॉनिक ऑर्डर या ख्रिस्ती लढवय्या पंथाचा राजवाडा, वायकर्सहाइमचा वाडा आणि त्याची बाग, क्रेग्लिंगेनच्या छोट्या चर्चमध्ये टिलमान रीमेनश्नायडरने लाकडात कोरलेली मेरीची वेदी, जी एकटीच तिथपर्यंत जायला पुरेशी आहे. सुंदर भाग, चढउतार बऱ्यापैकी. दक्षिणेचा म्हणजे लेख नदीवरच्या लांड्सबेर्गपासून पुढे फ्युसेन. इथे आल्प्स समोर दिसायला लागतात, वाटेत वीसकिर्श हे १७४५ ते १७५४ मध्ये बांधलेलं चर्च, बाहेरून साधं, आत गेलं की डोळे दिपतात, आणि शेवटी नॉयश्वानस्टाइन. तो वाडा लुडविग राजाने १८६९ ला बांधायला घेतला, १८८६ ला राजा गेला आणि थोड्याच आठवड्यांत लोकांना तिकीट लावून उघडला, तेव्हापासून गर्दी हटलेली नाही, आता वर्षाला दहा लाखांच्या वर लोक येतात.

आणि मधला तुकडा. रोटेनबुर्ग, शिलिंग्सफ्युर्स्ट, फॉइश्टवांगेन, डिंकल्सब्यूल, नॉर्डलिंगेन, हारबुर्ग, डोनाउवर्थ. इथे डोंगर नाहीत, आल्प्स नाहीत, वाइन नाही, अर्ध्या वाटा ट्रॅक्टरसाठी डांबर टाकलेल्या. फोटो बघून निवडलं तर हा तुकडा तिसरा येतो. मी हाच दिला.

कारण सांगतो. शिलिंग्सफ्युर्स्टला व्योर्निट्झ नावाची नदी उगम पावते आणि डोनाउवर्थला ती डॅन्यूबला मिळते. म्हणजे उगमापासून संगमापर्यंत एक अख्खी नदी चालण्याच्या टप्प्यात बसते. ट्रेल सतत तिच्या काठाने जात नाही हे खरंय, फॉइश्टवांगेन आणि नॉर्डलिंगेन तिच्यावर नाहीत, पण ती परत परत भेटत राहते. मावशीला हे सांगितल्याबरोबर तिने विषय संपवला, "मग दुसरं कशाला बघायचं, नदी पूर्ण करू." काकांना गळाला लावायला अजून एक मुद्दा होता. रोटेनबुर्गची टाउबर उत्तरेला वाहत माइनला, माइन ऱ्हाइनला आणि शेवटी नॉर्थ सीला जाते, आणि व्योर्निट्झचं पाणी डॅन्यूबमधून ब्लॅक सीला. त्यामुळे पहिल्याच टप्प्यात तुम्ही युरोपचा मोठा जलविभाजक पायी ओलांडता. प्रत्यक्षात ते फ्रांकनहोअं नावाचं झाडीतलं एक पठार आहे, काही भव्य वगैरे नाही, काका तिथे उभं राहून दोन्हीकडे बघत म्हणाले, "एवढंच?" हो, एवढंच. शिलिंग्सफ्युर्स्टला मात्र त्यांचा मूड परत आला, कारण तिथे बैलाला तिरक्या चाकावर चालवून पाणी वर चढवायचं जुनं यंत्र म्युझियममध्ये ठेवलंय आणि काकांनी लहानपणी मोट बघितलेली, ते अर्धा तास तिथून हलेनात.

प्रॅक्टिकल बाजूनेही मधला तुकडा बसत होता. टप्पे साधारण १५ ते २० किलोमीटरचे पडतात, फक्त डिंकल्सब्यूल ते नॉर्डलिंगेन मोठा आहे, तो मधल्या एखाद्या गावात तोडावा लागतो. जवळजवळ रोज संध्याकाळी खरंखुरं गाव मिळतं, बेकरी आणि मेडिकल असलेलं. वारी केलेल्या माणसाला ही लय लगेच कळते, सकाळी लवकर निघायचं, दुपारी विसावा, संध्याकाळी मुक्काम, फक्त इथे पुढेमागे कुणी नसतं आणि चहा तुमचा तुम्हाला शोधावा लागतो.

रोटेनबुर्गबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे बहुतेक लोक चुकीच्या वेळी येतात. जेमतेम ११ हजार वस्तीचं गाव, दुपारी मुख्य चौकात पाय ठेवायला जागा नसते, सगळे श्नेबालन हातात घेऊन फिरतायत (तो तळलेला गोळा दिसायला भारी, खायला कोरडा, माझं मत), आणि संध्याकाळी बसेस गेल्या की गल्ल्या रिकाम्या. चालणाऱ्याला रात्रीचा मुक्काम इथे करावाच लागतो त्यामुळे त्याला आपोआप चांगलं रोटेनबुर्ग मिळतं. आम्ही उजेड असेपर्यंत तटावरून फिरलो, जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत दिसतं. तटाच्या भिंतीत ठिकठिकाणी नावं कोरलेले दगड बसवलेत, त्यात जपानी नावं पुष्कळ. काका एकेक वाचत चाललेले. ही देणगीदारांची नावं आहेत. ३१ मार्च १९४५ ला या गावावर बॉम्ब पडले आणि साधारण ४० टक्के गाव गेलं. उरलेलंही गेलं असतं, पण अमेरिकेच्या युद्धखात्यातल्या जॉन मॅकक्लॉयला या गावाचं महत्त्व माहीत होतं, त्याने तोफा चालवू नका असं सांगितलं आणि गावातल्या जर्मन मेजरने हिटलरचा शेवटपर्यंत लढायचा हुकूम न मानता गाव सोडून दिलं. युद्धानंतर जगभरातून पैसे गोळा करून तट परत उभा केला. म्हणजे आपण ज्याला मध्ययुगीन म्हणून फोटो काढतो त्यातला पूर्वेकडचा बराच भाग १९५० च्या आसपासचा आहे.

आणि एक गोष्ट जी टूरवाले घाईत सोडून देतात. नाझींना हे गाव फार लाडकं होतं, आदर्श जर्मन गाव म्हणून ते मिरवायचे. तेराव्या शतकात इथे रब्बी मायर यांच्यासारखा मोठा ज्यू विद्वान राहून गेला, आणि त्याच गावातून ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्हणजे देशभर ज्यूंवर हल्ले झाले त्या नोव्हेंबरच्या रात्रीच्याही आधी, उरलेल्या ज्यूंना हाकलून दिलं. नुसतं गोंडस म्हणून हे गाव बघितलं तर अर्धंच बघितलं.

आता वाटेतल्या अडचणी, कारण केस लिहायची तर त्या हव्यात.

एक, खुणा. त्याच भागातून सायकलचा रूट जातो, चालायचा ट्रेल जातो, आणि रोटेनबुर्गहून स्पेनमधल्या सांतियागोचा ख्रिस्ती यात्रामार्गही जातो, निळ्यावर पिवळा शिंपला असलेला. एकाच खांबावर तीन-चार पाट्या. नाव वाचून लोक सायकलच्या पाटीमागे जातात आणि मग दिवसभर डांबर तुडवतात. फोनमध्ये जीपीएक्स, म्हणजे वाटेची नकाशा-फाइल, टाकून ठेवा आणि पाटीवर सायकलचं चित्र आहे की माणसाचं ते बघा, बस.

दोन, बूट. काकांनी सह्याद्रीत वापरायचे जाड तळाचे ट्रेकिंग शूज आणलेले. कातळावर, घसाऱ्यावर ते एक नंबर, पण सपाट डांबरी शेतवाटेवर पाय आत भाजून निघतात. फॉइश्टवांगेनला पोचेपर्यंत टाचेला फोड. तिथल्या दुकानातून साधे रनिंग शूज घेतले आणि पुढचा सगळा प्रवास त्यावर झाला, जड शूज सॅकला बांधून.

तीन, जेवण. मावशी पूर्ण शाकाहारी. मेनूकार्डवर फ्लेडलेसूप दिसतं, धिरड्याचे पातळ काप टाकलेलं सूप, निरागस वाटतं, पण ते बीफच्या पाण्यात असतं. इकडच्या बटाट्याच्या सॅलडमध्येसुद्धा बऱ्याचदा मांसाचं पाणी घालतात, विचारल्याशिवाय कळत नाही. खात्रीचं म्हणजे केझेश्पेत्झले, चीज घातलेले मऊ पिठाचे तुकडे वर परतलेला कांदा, मात्र तेही सलग तीन दिवस खाल्लं की तिखटाची आठवण येते. मावशीने ठेच्याची बाटली आणलेली, तिने ती गास्टहाउसच्या, म्हणजे तिथल्या खानावळ-लॉजच्या, टेबलावर काढली तेव्हा मालकीणबाईंनी वास घेऊन बघितला आणि दोन पावलं मागे गेल्या. चार, रविवार. बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात) रविवारी दुकानं बंद असतात, सकाळची बेकरी सोडली तर काही मिळत नाही, आणि खेड्यातल्या गास्टहाउसची सुट्टी बऱ्याचदा सोमवार किंवा मंगळवारी. शनिवारी संध्याकाळीच फळं, ब्रेड, दही घेऊन ठेवा.

गोचिडीचं पण सांगून ठेवतो. जवळपास सगळं बायर्न एफएसएमई या गोचिडीमुळे होणाऱ्या आजाराच्या रिस्क एरियात येतं. लस असते, आधीपासून घ्यायला लागते. गवतातून गेलात तर रात्री गुडघ्यामागे, काखेत बघायचं, लाजायचं नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मधेच सोडता येत नाही. रोटेनबुर्गला छोटी लोकल येते, नॉर्डलिंगेन, हारबुर्ग, डोनाउवर्थ एकाच रेल्वेलाइनवर आहेत, पण फॉइश्टवांगेन आणि डिंकल्सब्यूलला रोजची पॅसेंजर ट्रेन नाही, तिथे म्युझियमवाल्यांची हौशी गाडी अधूनमधून धावते. त्यामुळे पहिल्या अर्ध्या भागात कुणाचा पाय मुरगळला तर बसच्या टाइमटेबलवर जगायचं. म्हणून मी सगळ्यात लवचिक बुकिंग याच भागात ठेवलेलं. जुलैमध्ये डिंकल्सब्यूलला किंडरत्सेखं नावाचा उत्सव असतो, सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्यापुढे मुलांनी जाऊन गाव वाचवलं या कथेचा, तेव्हा खोली मिळायची आशाच सोडा.

डिंकल्सब्यूलवर बॉम्ब पडला नाही, त्यामुळे रोटेनबुर्गपेक्षा मला ते जास्त पटतं. आतमध्ये सेंट जॉर्जचं चर्च, १४४८ ते १४९९ असं पन्नास वर्षं बांधलेलं, आत शिरल्यावर खांबच खांब, सगळे एकाच उंचीला जाऊन वर जाळीसारखे पसरलेले. मावशी अर्धा तास मागच्या बाकावर डोळे मिटून बसली. पुढच्या दिवशी झाडी कमी होत गेली आणि आम्ही एका प्रचंड सपाट ताटात उतरलो, कडेने टेकड्यांची गोल रांग. ही रीसची खोलगट जमीन. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथे किलोमीटरभर जाडीचा लघुग्रह आदळला आणि २५ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. कितीतरी वर्षं सगळे याला ज्वालामुखीच समजत होते, १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूवैज्ञानिकांना इथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, जे तयार व्हायला लागणारा दाब ज्वालामुखीत नसतो, आणि वाद मिटला. १९७० ला अपोलो १४ चे अंतराळवीर इथे दगड ओळखायला शिकायला आले होते. आपलं लोणारही बराच काळ ज्वालामुखीच्याच खात्यात होतं, त्यामुळे काकांना हे सांगायला काही कष्ट पडले नाहीत, फक्त लोणारच्या काठावर उभं राहिलं की समोरचा काठ दिसतो आणि इथे दिवसभर चाललं तरी आपण आतच असतो, हे पचायला वेळ लागला.

या विवराच्या मधोमध नाही, जरा नैऋत्येला, नॉर्डलिंगेन. दानिएल नावाचा ९० मीटरचा चर्चचा मनोरा तासन्‌तास आधीपासून दिसतो आणि जवळ यायचं नाव घेत नाही. गाडीने येणाऱ्याला हे मिळतच नाही, तो बी-२५ हायवेवरून दहा मिनिटांत पार्किंगमध्ये. मनोरा त्याच आघातात तयार झालेल्या सुएविट दगडाचा आहे आणि त्या दगडात डोळ्याला न दिसणारे बारीक हिरे आहेत. ३५० पायऱ्या चढून गेलं की खाली गोल गाव, त्याभोवती अखंड तट, पूर्ण फेरी मारता येईल असा, पावणेतीन किलोमीटर. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरचा पहारेकरी ओरडतो, "सो, ग्झेल, सो," म्हणजे साधारण 'असं काय, गड्या'. कथा अशी की १४४० मध्ये पहारेकरी फितूर झाले आणि वेस उघडी राहिली, एका डुकराने अंग घासत दार ढकललं आणि तिथून जाणाऱ्या बाईने ते बघून आरडाओरडा केला. काकांना डुकराची गोष्ट आवडली. मावशीला मारिया होलची. ही इथली खाणावळवाली, १५९३-९४ मध्ये चेटकीण म्हणून पकडलेली, साठहून जास्त वेळा छळ झाला, तरी कबूल झाली नाही आणि शेवटी सोडावं लागलं. तिच्या नावाचं कारंजं आहे. मावशीने तिथे हात जोडले.

पुढचे दोन टप्पे सोपे. हारबुर्गचा किल्ला व्योर्निट्झच्या डोक्यावर, हायवे त्याच्या खालून बोगद्यातून जातो आणि आपण जुन्या दगडी पुलावरून, बरोबर उलटं असायला हवं होतं असं गाडीवाल्यांना वाटत असेल. मग डोनाउवर्थ. एप्रिल १९४५ मध्ये या गावाचा बराचसा भाग बॉम्बनी गेला, आज दिसतं ते पुन्हा बांधलेलं, म्हणून बसवाले इथे फार थांबत नाहीत. पण मी हा तुकडा इथेच संपवायचा ठरवला त्याचं कारण नदीशिवाय अजून एक होतं.

वाटेतली रोटेनबुर्ग, डिंकल्सब्यूल, नॉर्डलिंगेन ही तिन्ही गावं एकेकाळी थेट पवित्र रोमन सम्राटाच्या हाताखालची स्वतंत्र शहरं होती, श्रीमंत, स्वतःचे तट, स्वतःचे कायदे. मग १६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्ध आलं, वेढे, लूट, रोगाच्या साथी. नॉर्डलिंगेनच्या बाहेर १६३४ ला त्या युद्धातली एक मोठी लढाई झाली. त्यानंतर ही गावं परत वर आली नाहीत. १८०२-०३ ला बायर्नने गिळली, मोठे कारखाने दुसरीकडे गेले, जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता, म्हणून ती राहिली. आणि त्या युद्धाकडे नेणारी एक मोठी ठिणगी डोनाउवर्थला पडली. १६०६ मध्ये इथल्या मूठभर कॅथलिकांनी पताका फडकवत मिरवणूक काढली, प्रोटेस्टंटांनी ती झोडपून पताका हिसकावल्या, सम्राटाने शहरावर बहिष्कार टाकला, बायर्नच्या माक्सिमिलिआनने शहर ताब्यात घेतलं, मग १६०८ ला प्रोटेस्टंटांनी आणि १६०९ ला कॅथलिकांनी आपापली आघाडी उभारली. नऊ वर्षांनी युद्ध. म्हणजे नदीबरोबर खाली चालत आलं की परिणाम आधी दिसतो आणि त्याच्या कारणापैकी एक शेवटी. वर्गात बसवून हे सांगितलं असतं तर दोघंही झोपले असते, संगमापाशी बसून सांगितलं तर मावशीने पटकन विचारलं, "पताकांवरून? आणि मग तीस वर्षं?" पालखीसोबत चाललेल्या बाईला पताका म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

हिशोब बघायचा तर काकांचं मत असं पडलं की फ्रांकनहोअंचं पठार आणि नॉर्डलिंगेनच्या आधीची शेतं कंटाळवाणी आहेत आणि त्यांनी ते मला तोंडावर सांगितलं. मावशीला नेमकी तीच शेतं आवडली. दोघांचंही बरोबर आहे. रोज डोळ्यांना काहीतरी भारी हवं असेल तर टाउबरचं खोरं घ्या, आल्प्स हवेत तर दक्षिण घ्या, दोन्ही सोपे आणि देखणे आहेत. ज्याला गावं अशी का उरली हे पायांनी समजून घ्यायचंय त्याला मी अजूनही मधलाच तुकडा देईन, पण हलके बूट आणि लवचिक बुकिंगच्या अटीवर.

पुढच्या खेपेला ते फ्युसेनपर्यंत पूर्ण करणार म्हणतायत. डोनाउवर्थ ते औग्सबुर्ग मी ट्रेनने करायला सांगितलंय, लेख नदीच्या काठचं ते मैदान चालण्यात काही अर्थ नाही. औग्सबुर्गला फुगेराय बघायला एक दिवस, १५२१ ची गरिबांसाठीची वसाहत, वर्षाचं भाडं अजून ८८ सेंट आणि बदल्यात दिवसाला तीन प्रार्थना. मग लांड्सबेर्गपासून परत पायी. काकांनी विचारलं, तिथे तरी चढ आहे ना? आमर नदीच्या घळीपाशी आहे, म्हटलं, थोडा.